पांगुळगाड्याचा दांडा

बहिणीचं बाळ बघायला मी आईला घेऊन ऑस्ट्रेलियाला निघालो, तेव्हा वडिलांनी बॅगेत पांगुळगाडा दिला. उमरीजवळच्या आमच्या बांधावरच्या बाभळीचा. लाड करणं त्यांच्या स्वभावात नाही, पण नातवासाठी पंधरा दिवस खपून त्यांनी तो स्वतः केला होता. धरायच्या दांड्याला शोभेसाठी साल तशीच ठेवली होती.

विमानात कार्ड भरायला आलं: लाकडाची वस्तू, झाडाची साल जवळ आहे का? मी 'नाही'वर खूण करणार, तोच आईनं विचारलं, "काय लिवून राहिलास?" मी सांगितलं.

"हाय की आपल्यापाशी. न्हाई कसं लिवतो?"

मी चिडलो. खरं लिहिलं तर गाडा जाईल, म्हणालो. ती ऐकेना. मी लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो; लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात कशी जाते, हेही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! शेवटी 'आहे' लिहिलं.

विमानतळावर तपासणीच्या बाईनं दांडा भिंगाखाली धरला. सालीत बारीक भोकं होती. टेबलावर आपटताच पिठासारखी भुकटी पडली. साल चालतच नाही, त्यात हे किडलेलं लाकूड. परत पाठवा, नाहीतर आम्ही नष्ट करतो, असं ती म्हणाली. मी विनवण्या करायच्या बेतात होतो. आईनं मला विचारून सगळं समजून घेतलं आणि भुकटी बोटावर घेतली.

"जाळून टाका म्हण बाईला. एकानं वेचणी झाल्यावर पऱ्हाटी रानात तशीच उभी ठेवली, तर बोंडअळीनं सगळ्या शिवाराचा कापूस खाल्ला व्हता. हितंबी कुणाची तरी झाडं असतील."

चौथीपर्यंत शिकलेली माझी आई. पुस्तकातलं मला पाठ होतं, तिला ते कळलेलं होतं. मला तिचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची लाजही.

बहिणीकडे पोचलो तोच आईला वडिलांचा फोन आला, तिनं स्पीकर लावला. "गाडा पोचला का?"

सामान मागून येतंय म्हणून सांग, असं मी आईला खुणावलं. तिनं लक्षच दिलं नाही. "आवं, दांड्यात किडा निघाला. म्या जाळायला लावला."

 ते म्हणाले, "साल सोलायला पायजे व्हती. चुकलं माझं. तू बरं केलंस." आणि बाळाची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.

आई ढसाढसा रडायला लागली. पाणी दिलं तरी थांबेना.

"तुझ्या बापाला वाईट वाटंल, ठावं व्हतं मला," ती म्हणाली. "म्हणून तर त्या बाईपुढं घाईनं बोलले. जरा थांबले असते, तर 'जाळा' असं तोंडातून निघालं नसतं."