काय गेलं तर रडाल?

कुणीही बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन आलं, की बाई आधी कागद-पेन पुढं सरकवायच्या. "यातलं काय गेलं तर रडाल, तेवढंच लिवा." लिहिल्याशिवाय स्क्रूला हात नाही. मोठमोठे साहेब बाकावर बसून पेन चावायचे!

जिंतूरला बाईंचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर संपले तशा त्या कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरल्या. छडी मात्र राहिली, जिभेवर.

मी झरीचा शिक्षक. व्हिडिओ पाहून घरच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड स्वतःच बदलला. काय तो रुबाब! बटण दाबलं, कंपनीचं चिन्ह आलं, गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. दारातल्या लाजऱ्या पाहुण्यासारखं, पुढं येईचना. परभणीत दोन दुकानांनी एकच निकाल दिला, "फॉरमॅट मारा, आतलं सगळं पुसून." मग ते धूड चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि जिंतूरची एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, पेशंट लय शिरेस हाय का?"

बाईंच्या कागदावर मी लिहिलं: गावातल्या म्हाताऱ्यांकडून अकरा वर्षं गोळा केलेले जुने शब्द. सांगणाऱ्या बऱ्याचजणी आता नाहीत.

"दुसरी कॉपी?"

"नाही."

"आन् पोरांना शिकवता तुमी!"

डिस्क काढून त्यांनी आपल्या मशीनला जोडली. आधी कॉपी केली. मग डिस्क परत बसवून माझ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरल्या. "डिस्क जुन्या पद्धतीची हाय, बोर्ड तिला नव्या पद्धतीनं वाचायलाय." एक ओळ बदलली. कॉम्प्युटर सुरू! मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू?

बाईंचं लक्षच नव्हतं. त्या पडद्यावर माझी शब्दांची यादी वाचत होत्या.

"येरवाळी कुठंय?"

"काय?"

"माय म्हणायची की, येरवाळी ये घरी. लवकर ये म्हणून. अकरा वर्षं काय केलं तुमी?"

मी मान खाली घालून शब्द टाइप केला. शब्दापुढं सांगणारीचं नाव लिहायची माझी रीत. विचारलं, तर म्हणाल्या, "माझं नगं. मायचं टाका." आणि ते नाव त्यांनी स्वतःच टाइप केलं, बोटांकडं न बघता.

बाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. यादी आता छापायला निघाली आहे. मुद्रितं तपासताना त्या शब्दापाशी मी अडतो. मायच्या नावाशेजारी बाईंचं नाव लिहितो. मग त्यांचा चेहरा आठवतो, आणि मुकाट्यानं खोडून टाकतो.