तळहातावरचा खडू

"उनूच, आबा!" असं म्हणून ती निघून जायची. आलेच, म्हणजे. तुमच्या गल्लीतही अशी एखादी असेल, तर त्या 'आलेच'ला कधी दोन दिवस लागतात हे तुम्हाला सांगायला नको.

अमळनेरला माझ्या दवाखान्यासमोर तिचं शिवणाचं दुकान होतं. कातर माझ्या टेबलावर विसरायची आणि "कातर दखी का?" असं मलाच विचारायची. ब्लाउजची एक बाही झाली की हातात दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं कापड. बायका टोमणा मारायच्या, "अक्का, लगीनमा एकच हात झाकीसन जाऊ का?" सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची.

एकदा मात्र हसली नाही. म्हणाली, "आबा, मना डोकामा बठ्ठा धागा एकसंगे पळतस." बठ्ठा, म्हणजे सगळेच. मीच तिला धुळ्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. एवढं एक बरं केलं.

चाळिशी उलटल्यावर तिला कळलं, की हा वेंधळेपणा नाही, याला एडीएचडी म्हणतात आणि त्यावर औषध आहे. दोन महिन्यांनी तिनं मला सदरा आणून दिला. दोन्ही बाह्या, कॉलर, सगळं जागच्या जागी. "बटणं मोजा," म्हणाली. मी खरंच मोजली.

पुढच्या खेपेला ती धुळ्याच्या डॉक्टरांची माझ्या नावची चिठ्ठी घेऊन आली: मात्रा आता बसली आहे. दरमहा नाडी, रक्तदाब, वजन आपण पाहावं, औषध लिहावं. सहा महिन्यांनी मी तपासेन. अडचण असल्यास कळवावं.

मी "पाहू" म्हणालो.

मला भीती वाटत होती. मेंदूचं औषध, उद्या काही झालं तर नाव माझं. पण हे ना तिला सांगितलं, ना धुळ्याला कळवलं. चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली.

तिला 'पाहू' म्हणजे होकार वाटला. शिवणाच्या खडूनं तळहातावर 'आबा – चिठ्ठी' लिहून ती यायची, हात पुढे करायची. "दखा, मी इसरनू नही!" मी पुन्हा म्हणायचो, "पाहू." खडू घामानं पुसला जायचा. दुसऱ्या दिवशी अक्षरं पुन्हा तिथंच.

तोवर दर महिन्याला धुळं. अख्खा दिवस एसटीत आणि रांगेत, दुकान बंद. दोन खेपा चुकल्या, औषध संपलं. बाह्या पुन्हा अर्ध्या राहू लागल्या, गिऱ्हाईक तुटलं. गल्लीत कुणी विचारलं तर मी सांगायचो, "औषध घ्यायलाच विसरली असेल. सवयच आहे तिची."

हे खोटं होतं. ती ते कधीच विसरली नव्हती. आता दवाखाना बंद झाला, टेबल विकायला काढलं, तेव्हा काचेखालून ती चिठ्ठी निघाली. म्हणून हे लिहितो आहे.

दुकान मोडून सुरतेला बहिणीकडे निघाली त्या दिवशी ती भेटायला आली होती. मी आधी तिच्या तळहाताकडे पाहिलं. हात स्वच्छ धुतलेला होता. मी चिठ्ठीबद्दल काहीतरी पुटपुटलो.

"राहू द्या," एवढंच म्हणाली. कातर उचलली, पिशवीत घातली. दारात पोचल्यावर वळून 'उनूच' म्हणेल, म्हणून मी वाट पाहिली.

"जास, आबा," ती म्हणाली. जाते, म्हणजे.