लोणारला नेलेल्या अकरा मुली

रिसोडच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. एकोणीसशे तीसच्या दशकातली ही गोष्ट. वर्गाच्या भिंतीवर जगातल्या प्रेक्षणीय स्थळांचा एक पुठ्ठ्याचा तक्ता टांगलेला असे. मिसरचे पिरॅमिड, चीनची भिंत, नायगाराचा धबधबा, आग्र्याचा ताजमहाल. मुली ही नावं पाढ्यासारखी म्हणत. एक दिवस चौथीतल्या रंगाऱ्याच्या लेकीनं विचारलं, "बाई, यातलं तुमी काय काय पाह्यलं?"

"काहीच नाही."

"मंग आमाले कायले शिकवून राह्यल्या?"

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी वाशीमची. वाशीम आणि रिसोड सोडून ट्रेनिंगपुरती अमरावती, एवढंच माझं जग. पण बैलगाडीच्या एका दिवसावर लोणारचं सरोवर होतं, आणि साहेब लोक विलायतेहून ते पाहायला येतात असं मी ऐकलं होतं. ते ज्वालामुखीचं तोंड आहे अशी तेव्हाची समजूत. मी तसंच शिकवलं, तर एका मुलीनं विचारलं, "पुन्यांदा पेटलं तं?" मी हसले. पण रात्री अंथरुणावर तोच प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला.

घरोघर जाऊन परवानगी मागितली. अकरा मुली मिळाल्या. गाडीवान सोडले तर सोबत दुसरं मोठं माणूस एकच, मुलींना घरून शाळेत आणणारी आमची मावशी. शनिवारी दोन गाड्या जुंपल्या, लोणारच्या धर्मशाळेत उतरलो आणि रविवारी सकाळी कड्यावरच्या गोड्या झऱ्यापाशी, तिथं त्याला धार म्हणतात, गाड्या आणि गाडीवान ठेवून खाली निघालो.

वरून पाहिलं. एवढी मोठी गोल दरी, तळाशी हिरवं पाणी, सभोवती दाट झाडी, आणि पाण्यावर एक लाटसुद्धा नाही. उतरताना वारा थांबला. कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. मावशी मागून येत होती, ती पुटपुटली, "बाई, हे काई माणसानं येयाची जागा नोय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

काठाजवळच्या एका पडक्या देवळापाशी आम्ही जाजम अंथरलं, दशम्या आणि चटणी खाल्ली. मग मला शिकवायचा उत्साह आला. दरीच्या भिंती चहूबाजूंनी आहेत, म्हणजे प्रतिध्वनी येईल. मुलींना म्हटलं, सगळ्यांनी मिळून ओरडा. त्या ओरडल्या. दरीनं आवाज परत केला. पुन्हा ओरडल्या. त्या देवळाच्या शिखराखाली आग्या मोहोळाची काळी पोळी लोंबत होती, तिकडे मी पाहिलंच नव्हतं.

पहिली माशी मावशीच्या कानाला चावली. तिनं वर पाहिलं आणि जाजमाचं टोक ओढलं. "पोरीहो, खाली घुसा. हालू नका." आम्ही एकमेकींवर पडलो, वरून जाजम घेतलं. वर पाऊस पडावा तशा माशा आदळत होत्या. आत अंधार, घाम, मुलींचं रडणं. माझ्या मानेत, हातात काटे शिरत होते आणि मी देवाचं नाव घेण्याऐवजी, कसं सांगू, या मुलींच्या बापांची तोंडं आठवत होते.

घोंघावणं ओसरलं तेव्हा मी टोक उचललं. मुली मोजल्या. दहा. माझं चुकलं असेल म्हणून प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून मोठ्यानं मोजल्या. दहाच. रंगाऱ्याची लेक नव्हती.

"कुणी पाहिली का तिला?"

"पान्याकडे पयाली, बाई," एकजण म्हणाली. तिचा डोळा सुजून मिटला होता.

काठावर पांढऱ्या क्षाराचा पापुद्रा होता. त्यावर लहान पावलं स्पष्ट उमटली होती. पाण्याकडे गेलेली. परत आलेली नव्हती. मी त्या पावलांमागे गेले. एका झुडपाच्या वळणापलीकडे ती दिसली. आठ हात आत, चिखलात कमरेपर्यंत रुतलेली, दोन्ही हात वर धरलेले. चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. ती ओरडतही नव्हती.

मावशी जाजम ओढत आली. "उभ्यानं नका जाऊ बाई, तुमी बी जासान. हे अंथरा अन् निजून सरका. मी जाड हाय, मले नाई धरनार ते. तुमी हलक्या हा."

मी काठावर उभी राहिले. किती वेळ, ते आज सांगता येणार नाही. मावशीनं दुसऱ्या कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं, आणि दुसरं कुणीच नव्हतं. मी ती गोष्ट पुढे कुणाला सांगताना लगेच आत गेले असं सांगत असे. ते खरं नव्हतं. मावशीनं माझ्या दंडाला धरून खाली बसवलं, तेव्हा मी गेले.

जाजमाखालचा चिखल हलत होता, जिवंत असल्यासारखा. तोंडात खारट, साबणासारखी चव आली. मी हात पुढे केला तेव्हा तिनं मनगट न धरता एकदम मानेलाच मिठी मारली. तिचा एक पाय सुटला, दुसरा सुटेना. मावशी आणि चार मोठ्या मुलींनी काठावरून जाजम ओढलं. आम्ही दोघी आडव्या पडलेल्या, तोंडं चिखलात, इंच इंच सरकत बाहेर आलो.

वर चढून धारेच्या गोड्या पाण्यानं तिचे डोळे धुतले. मावशीनं बटव्यातला चुना सगळ्यांच्या चाव्यांवर लावला. गाडीत रंगाऱ्याची लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मग म्हणाली, "बाई, तुमी मोजून राह्यल्या होत्या. मले आयकू येत होतं."

"मग हाक का नाही मारलीस?"

"व्हट सुजले होते. वाटलं, दहा झाल्या म्हून जासान."

मी तिचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी रिसोडला पोचल्यावर मी तिला घरी नेलं. अंगणात रंगवलेल्या लुगड्यांचे लांब पट्टे वाळत होते. बाप कोपरापर्यंत निळे झालेले हात घेऊन बाहेर आला. वाटभर मी काय सांगायचं ते जुळवत होते, पण शब्द वाकडेतिकडे बाहेर पडले. आरडाओरडा मीच करायला लावला, हेही सांगितलं. आईनं मुलीला आत नेलं. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि आता हा काय करील याची मला भीती वाटली.

"डोयाले दिसते ना तिले?"

"दिसतं."

"तुमाले बी चावल्या काय?"

मी होकारार्थी मान हलवली. दोन दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

"मंग बसा थोड्या. पानी प्या."

आठ दिवस ती शाळेत आली नाही. रोज सकाळी तिच्या जागेकडे पाहायचा धीर होत नसे. नवव्या दिवशी आली, पापण्या अजून जड, पण पाटी घेऊन आली आणि नेहमीच्या जागी बसली.

पुढे शाळेच्या कमिटीचा हुकूम आला की मुलींना गावाबाहेर नेऊ नये. इतर मास्तरणींना वाटलं मला अपमान वाटला असेल. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. दरवर्षी नव्या मुली विचारत, बाई, कुठं नेता काय? परवानगी नाही, मी म्हणत असे. परवानगी असती तरी मी नेलं नसतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.