मुराळ्याचे बत्तीस मैल

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर येडा म्हणत आलो. राजापेठेत माझं मीटर दुरुस्तीचं दुकान आहे. काटा हलला तर त्यामागे तार असते, चुंबक असतं, नाहीतर चाक... बाकी सगळ्या बाता. म्हणून हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. पण दोन महिने झाले, मनातून जात नाही.

परतवाड्याहून एक ताई आल्या. पन्नाशीच्या. जुन्या विलायती गाडीचं स्पीडोमीटर पदराखाली जपून आणलेलं. गाडी त्यांच्या वडिलांची, वीस वर्षं अकोल्याला भावाच्या अंगणात पडून होती. आता ताईंनी मागून घेतली होती.

"काटा चालू करून द्या भाऊ. पण आकडा हलू देऊ नका."

"काहून?"

"बाबा मले आखाजीले न्यायले निघाले होते, मुराळी म्हणून. दर्यापूरजवळ गाडी बाजूले लावली... आन गेले. गाडी मंग टरकात घालून अकोल्याले नेली, म्हणून हा आकडा तिथचाच आहे. मी इकडं बॅग भरून दारात बसून होती."

आखाजीसारख्या सणाला लेकीला सासरहून माहेरी न्यायला येतो तो मुराळी. माझ्या बहिणीकडे मीच जायचो. मी ताईंना शब्द दिला.

मंगळवारी दुपारी काम झालं. टेस्टिंगला आम्ही मीटरच्या मागे, केबलच्या जागी, ड्रिल लावून फिरवतो. काटा चढतो, पण सोबत आकडेही सरकतात. म्हणून आकडे फिरवणारं पितळेचं चाक मी आधीच काढून बशीत ठेवलं. आकडा होता अठ्ठेचाळीस हजार दोनशे बारा.

ड्रिल लावलं. काटा पंचविसावर गेला. ड्रिल बंद करून बाजूला ठेवलं... काटा पंचविसावरच. टिचकी मारली, एक शिवी हासडली. तेवढ्यात शेवटचा आकडा सरकला. तेरा. बशीत पाहिलं — चाक बशीतच होतं. थोड्या वेळानं चौदा.

मीटर हलवलं, उलटं केलं, थांबेना. शेवटी टेबलावर ठेवून समोर बसलो. एक वाजून दहा मिनिटांनी सुरू झालेलं ते अडीचच्या सुमारास थांबलं आणि काटा हळूच शून्यावर आला. दोनशे चव्वेचाळीस. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. त्या बाईची एवढी एकच गोष्ट होती, तीही माझ्या हातून गेली.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. मी सगळं खरं सांगितलं. वाटलं, मीटरवाला बहाणे करून राहिला म्हणतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाढले?"

"बत्तीस."

त्यांचा चेहरा उतरला. "मले वाटलं... तिथून माह्या घरापर्यंत एक्कावन्न किलोमीटर आहे. मोजलं आहे मी."

"ताई, गाडी विलायती आहे. मीटर मैलाचं आहे."

बत्तीस मैल म्हणजे एक्कावन्न किलोमीटर. आणि पंचविसाचा काटा म्हणजे चाळीसचा वेग.

"चाळीसच्या वर कधी नेली नाही त्यायनं," असं म्हणून ताई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "काल अडीचले मी बाजारात होती, भाऊ. घराले कुलूप होतं."

मी पाण्याचा गिलास पुढे केला, तो तसाच राहिला. त्या रडल्या, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडलो.

चाक परत बसवू का विचारलं, तर नको म्हणाल्या. मीटर पदराखाली घेतलं. दुकानाची पायरी उतरताना त्याच्याशीच बोलल्या, "चला बाबा. आता मीच मुराळी."

आमच्या लाइनीतले म्हणतात, चुंबक अडकलं असेल. असेल... पण चुंबकानं काटा अडकतो, आकडे फिरत नाहीत. ते पितळेचं चाक अजून बशीतच आहे.