ओला ठोकळा

आप्पा मिस्त्रींचा मी अनेक वर्षे मत्सर केला आणि त्या मत्सरापोटी एकदा त्यांच्याशी खोटे बोललो. हे मी पत्नीलाही कधी सांगितले नाही.

खांडबाऱ्याचे आप्पा काँक्रीटचा ठोकळा बोटाच्या पेराने वाजवत, कान जवळ नेत आणि तो किती भार सोसेल ते सांगत. नंदुरबारच्या ज्या प्रयोगशाळेत मी तपासनीस होतो, तिथले यंत्रही बहुधा तेच सांगे. पदविका माझ्याकडे होती, ठेकेदार मात्र माझा अहवाल खिशात घालत म्हणत, "मशीनले इचारी लिनं, आते आप्पाले इचारू." मी हसत असे. आतून जळत असे.

काँक्रीट हलके व्हावे म्हणून आप्पा खडीऐवजी जास्त भाजलेल्या विटांचे तुकडे घालत, तेही आदल्या दिवशी भिजवून. "इटले पहिले पानी पाज. कोरडी ऱ्हायनी ते सिमिटनं पानी पी टाकी."

एका आश्रमशाळेत मोठ्या चुलींमागची काँक्रीटची भिंत दरवर्षी तडकत असे. आप्पांनी तिथे आपले मिश्रण सुचवले. "भट्टीमाईन निंघेल इट शे. तिले चुलानं काय भेव?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ठोकळा तापवून पाहण्याचे काम माझ्याकडे आले.

असा ठोकळा पोटात पाणी धरून ठेवतो, तो आधी नीट वाळवावा लागतो, हे मला पक्के ठाऊक होते. घट्ट होण्यासाठी पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेला तो मी बाहेर काढला आणि तसाच प्रयोगशाळेच्या भट्टीत ठेवला. आतल्या वाफेने तो फुटला. 'उष्णतेस अयोग्य' असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले.

आप्पांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले.

"साहेब, वल्ला ते नव्हता ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग मन्हंच चुकनं."

त्यानंतर त्यांनी ठोकळा वाजवला नाही. कुणी पुढे केलाच, तर म्हणत, "साहेबले इचारा." मला हवे होते ते मिळाले. मी मात्र त्यांच्या नजरेला नजर देणे टाळू लागलो.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. सून चुलीवर भाकरी करत होती. मागची भिंत त्याच मिश्रणाची, त्यांनीच कधीकाळी बांधलेली. काजळी होती, तडा एकही नव्हता.

"ही कशी टिकनी, साहेब?" आप्पा म्हणाले. "माले आजून समजनं नही."

त्यांना आता ऐकू फार कमी येते. जन्मभर हळू बोलत आलेल्या मला आवाज चढवावा लागला. सुनेने वळून पाहिले.

"आप्पा, तो ठोकळा ओला होता. मला माहीत होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा."