इरावतीला बसवलं, अनिशला थांबवलं

विद्युल्लताबाई पाटणकर काशीत रामघाटाजवळच्या गल्लीत राहतात आणि लहान मुलांना गाणं शिकवतात. शिकवण्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी गंगेकडे. पेटी, दोन सतरंज्या आणि मोबाइलवर लावलेला तानपुरा, एवढाच सरंजाम.

मूल परीक्षेला कधी बसवायचं, याबद्दल त्यांच्या गुरुजींचा एक नियम होता. पुढचे दुधाचे दात पडून नवे आले की बसवायचं. तोवर 'सा' म्हणताना सुरापेक्षा हवाच जास्त येते, असं ते म्हणत. विद्युल्लताबाईंनी बरीच वर्षं हा नियम पाळला. विचार करावा लागत नसे, हे त्यातलं मोठं सुख होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सुरेखा त्यांच्याकडे आली. ती बँकेत अधिकारी, नागपूरहून बदली होऊन आलेली. तिची मुलगी इरावती त्यांच्याकडेच गाणं शिकत होती. ती सात वर्षांची होती आणि पुढच्या दातांपैकी एक आला होता, एक अर्धाच.

"ताई, यंदा हिला प्रारंभिक परीक्षेला बसवायचं का? घरी तर सगळं पाठ म्हणते. रोज विचारते, मेरा इम्तिहान कब है?"

"बघते," विद्युल्लताबाई म्हणाल्या. पण बघायचं काय, ते त्यांना कळेना. अर्ध्या दाताचं काय करायचं, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

त्याच वर्गात अनिश होता. नऊ वर्षांचा, दात सगळे जागच्या जागी. गल्लीतच राहायचा. त्याचे आजोबा ढुंढिराजशास्त्री यात्रेकरूंची श्राद्धं चालवत. नियमाप्रमाणे अनिश केव्हाच तयार होता. पण तो गात असताना बाहेर काही वाजलं की त्याचं लक्ष तिकडे जाई. एकदा भूपाली म्हणता म्हणता त्याने मध्येच मध्यम लावला. भूपालीत मध्यम नसतो.

"हा कुठून आणलास रे?"

"ती नाव गेली ना काकू, तिचा भोंगा म मध्ये होता. मग मीपण लावला. छान वाटला."

त्यांनी पेटीवर सूर दाबून पाहिला. पोराचं बरोबर होतं. रागावावं की पाठ थोपटावी, ते न कळून त्यांनी नुसतंच "पुन्हा म्हण" म्हटलं.

रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं. विश्वेशराव वेदपाठशाळेत शिकवतात. "अहो, तुमच्याकडे मुलगा तयार झाला हे कसं ठरवता?"

"चुकला तर पुन्हा, नाही चुकला तर पुढे. त्यात ठरवायचं काय?"

"आणि चुकला, पण कान चांगला असला तर?"

"आमच्याकडे तसं होत नाही," ते म्हणाले आणि वरण मागितलं.

शेवटी विद्युल्लताबाईंनी खोटी परीक्षा घ्यायचं ठरवलं. शेजारच्या मृणालिनीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, चष्म्यावरून बघण्याची सवय असलेल्या. त्यांना परीक्षक म्हणून खुर्चीवर बसवलं. इरावती आली, नमस्कार केला, आरोह-अवरोह म्हटला, बंदिश म्हटली, हातावर त्रिताल दिला. कुठे चूक म्हणून नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं की ती मृणालिनीबाईंच्या तोंडाकडे बघे आणि त्यांनी मान हलवली की दुसऱ्या प्रश्नाची वाट पाही.

अनिश बंदिशीपर्यंत बरा गेला. मग खाली गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि तो थांबला.

"काय झालं बेटा?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"घंटी बेसूर आहे," अनिश म्हणाला आणि पुढची ओळ विसरला.

मृणालिनीबाईंचा निकाल सोपा होता. मुलगी पक्की, मुलगा कच्चा. विद्युल्लताबाईंना तो पटला नाही, पण खोडूनही काढता येईना. परक्या परीक्षकासमोर अनिश असाच अडकला तर पोर हिरमुसेल, या भीतीने त्यांनी इरावतीला बसवलं आणि अनिशला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी ढुंढिराजशास्त्री जिना चढून आले. "काय गं विद्युल्लता, अनिश नापास झाला म्हणे?"

"नाही शास्त्रीजी. त्याला परीक्षेलाच बसवलं नाही."

"म्हणजे नापासच ना?"

"नाही हो. पुढच्या वर्षी बसेल."

"नापास झालेलाही पुढच्याच वर्षी बसतो," शास्त्रीजी म्हणाले. ते भांडत नव्हते. त्यांना खरंच फरक समजून घ्यायचा होता.

परीक्षेच्या दिवशी त्या सुरेखा आणि इरावतीबरोबर मैदागिनच्या चौकापर्यंत चालत गेल्या, तिथून टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, करून सिगरा भागातल्या शाळेत. इरावती आत गेली आणि हसत बाहेर आली. पुढे निकाल लागला, पहिला वर्ग. सुरेखाने पेढे आणले, पाया पडली. विद्युल्लताबाईंना वाटलं, चला, आपलं बरोबर निघालं.

पुढच्या आठवड्यापासून इरावती यायची बंद झाली. आधी सर्दी, मग शाळेचा कार्यक्रम, मग काहीच निरोप नाही. एका संध्याकाळी त्या सुरेखाच्या फ्लॅटवर गेल्या. इरावती जमिनीवर बसून चित्र रंगवत होती.

"इरा, गाण्याला येत नाहीस?"

"काकू, मैं पास हो गई ना?"

"हो, झालीस की."

"तो फिर? हो गया ना." ती खरंच गोंधळून त्यांच्याकडे बघत होती. झालेलं काम पुन्हा कोण कशाला करेल?

सुरेखा ओशाळली. "किती सांगते तिला. ऐकतच नाही."

"राहू दे. जबरदस्ती नको," विद्युल्लताबाई म्हणाल्या. परत येताना त्या टोटोतून मैदागिनला उतरायचं विसरून थेट पुढच्या विश्वेश्वरगंजपर्यंत गेल्या. मूल नापास होईल याची धास्ती त्यांनी घेतली होती. पास होऊन मूल जाईल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

अनिश मात्र रोज येत होता. वेळेवर येई, खाली मान घालून म्हणे, एकही सूर इकडचा तिकडे होऊ देत नसे. एकदा खिडकीखालून मोठी नाव भोंगा वाजवत गेली. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"अनिश, आत्ता कुठला सूर वाजला रे?"

"ये इम्तिहान है क्या?"

"नाही रे. असंच विचारलं."

"मग नाही सांगत. चुकलो तर?"

त्या दिवशी त्यांनी वर्ग लवकर सोडला. जिला बसवलं ती गाणं सोडून गेली, आणि ज्याला जपलं तो भिऊन गेला. उलट केलं असतं तर? तर कदाचित दोघंही गेली असती, किंवा दोघंही राहिली असती. काहीही म्हणता येत होतं आणि कशालाच आधार नव्हता.

मग त्या अनिशला थोडा वेळ आधी बोलावू लागल्या. दोघं खिडकीत बसत आणि घाटावरून जे ऐकू येईल त्याचे सूर ओळखत. विद्युल्लताबाई मुद्दाम चुकत. पहिले काही दिवस अनिश त्यांच्याच सुराला हो म्हणे. मग एकदा त्याला राहवलं नाही. "काकू, वो गंधार नहीं, रे है," तो हळूच म्हणाला. हळूहळू तो पुन्हा मोठ्याने बोलू लागला, आणि भूपालीत पुन्हा चुकूही लागला.

या वर्षी त्यांनी ढुंढिराजशास्त्रींना आणि अनिशला समोर बसवून विचारलं. शास्त्रीजी म्हणाले, तू म्हणशील तसं. अनिश म्हणाला, "बसतो," आणि लगेच, "नहीं बैठूँगा तो भी आऊँगा ना?" परीक्षा दिली, दुसरा वर्ग मिळाला. कसं झालं, असं विचारलं तर खांदे उडवून म्हणाला, "ठीक था." तो अजून येतो. कधी मन लावून गातो, कधी नाही.

आणि मागच्या आठवड्यात इरावती आली. सोबत सुरेखा नव्हती, शेजारची दीदी होती. दात दोन्ही आलेले. चपला काढायच्या आधीच तिने दारातून विचारलं, "काकू, दूसरा वाला इम्तिहान कब है?"

विद्युल्लताबाईंना आनंद झाला. पण गाण्याचं तिने विचारलंच नव्हतं.

"मग काय सांगितलंस तिला?" जेवताना विश्वेशरावांनी विचारलं.

"म्हटलं, आधी बस, मग बघू."

"काय बघणार?"

"तेच तर मला कळत नाही हो," त्या म्हणाल्या.