टॉमची कवळी

टॉम पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसला तेव्हा त्याने कवळी काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खालचा ओठ वर ओढत ओढत थेट नाकाच्या शेंड्यावर नेऊन ठेवला. डोळे तिरळे केले. सगळा चेहरा चुरगळलेल्या पिशवीसारखा झाला. आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यातल्या नास गावात दातांची डॉक्टर म्हणून मी नुकतीच कामाला लागले होते. याला झटका आला असं समजून मी नर्सला हाक मारली. टॉमने ओठ जागेवर आणला, कवळी बसवली आणि शांतपणे म्हणाला, "एवढं जमत राहायला हवं. बाकी तोंडात काय करायचं ते कर."

वयाने तो माझ्या बाबांएवढा. पण 'मिस्टर' म्हटलं की कोणाला हाक मारते आहे म्हणून मागे वळून बघायचा. त्यामुळे तोही एकेरी, मीही एकेरी.

टॉम मूळचा उत्तर इंग्लंडातल्या एका खेड्यातला. तिथल्या जत्रेत वाकुल्यांची स्पर्धा असते. गाडीच्या घोड्याच्या गळ्यात घालतात ते जाडजूड चामड्याचं कडं स्वतःच्या गळ्यात अडकवायचं, त्यातून तोंड बाहेर काढायचं आणि ते होईल तेवढं वाकडं करायचं. हात लावायचा नाही, रंग फासायचा नाही. आमच्याकडे पुण्यात याबद्दल पाठीत धपाटा मिळाला असता, टॉमला कप मिळाला होता. त्या जत्रेत किल्डेअरहून मावशीकडे आलेली ब्रीद नावाची मुलगी त्याला पाहून हसता हसता गवतात बसली. "तिने आधीच माझा सगळ्यात वाईट चेहरा पाहिला," टॉम सांगायचा, "मग पुढे निराश व्हायचा प्रश्नच नव्हता." तिच्यामागे तो नासला आला, येताना ते कडं घेऊन आला आणि जन्मभर बस चालवली. दर उन्हाळ्यात चर्चच्या पॅरिश हॉलमागच्या हिरवळीवर तो स्पर्धा भरवायचा.

एका वर्षी त्याने ते कडं माझ्याही गळ्यात घातलं. मी पुणेरी सभ्यपणाने जमेल तेवढं तोंड वाकडं केलं. टॉमने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मान हलवली. "ग्रँड आहे. पण आपण कशा दिसतोय ते अजून तुझ्या मनात आहे. ते आधी सोड." माझा नंबर शेवटून पहिला आला. त्याचं मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून हसूही आलं.

त्याची मुलगी नोरीन जवळच्याच लिक्सलिप गावात इंजिनिअर आहे. बापाच्या तोंडामुळे शाळेत तिची फार चेष्टा झाली होती, त्यामुळे त्या हिरवळीकडे ती फिरकायची नाही. पण माया होतीच. बाबांना सफरचंद चावून खाता यावं म्हणून हाडात स्क्रू बसवून कायमचे दात लावायचा तिने माझ्यामागे लकडा लावला. माझंही मत तेच होतं. कवळीने त्याच्या हिरड्या सोलून निघायच्या. टॉम मात्र हटून बसला, कारण दात पक्के झाले की ओठ नाकापर्यंत जाणार नव्हता. मी चिडले. इतक्या वयात स्पर्धा जिंकून काय करणार, असं फटकन बोलले. तो म्हणाला, "रविवारी माझ्याबरोबर चल."

रविवारी त्याने मला म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. ब्रीद खिडकीशी बसली होती. तिचं सगळं विसरून झालं होतं. टॉमला तिने मान लववून 'या, बसा' म्हटलं, परक्याला म्हणावं तसं. टॉमने कवळी खिशात टाकली आणि ओठ वर नेला. ब्रीद आधी नुसती बघत राहिली. मग खुदकन हसली आणि त्याच्या दंडावर चापट मारत म्हणाली, "टॉम, लोक बघताहेत रे."

पुढचा थोडा वेळ ती त्याचीच होती. घर, कुत्रा, बसचा रस्ता, सगळ्याची विचारपूस झाली. मग ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

परतताना मी म्हटलं, हे नोरीनला सांग, ती एका शब्दाने आग्रह करणार नाही. टॉमने मान हलवली. "आई तिला नर्स समजते. मला मात्र ओळखते, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?" नोरीन आली की तो कवळी तोंडातच ठेवायचा. मी त्याला नवी कवळी करून दिली, मऊ बसणारी पण चटकन निघणारी. नोरीनने माझ्याशी बोलणं सोडलं. मीही गप्प राहिले.

या हिवाळ्यात टॉम झोपेतच गेला. इथल्या रीतीप्रमाणे त्याला घरीच बैठकीच्या खोलीत ठेवलं होतं. लोक येत होते, चहा आणि सँडविच फिरत होते. मी केलेली कवळी त्याच्या तोंडात नीट बसली होती आणि टॉम कधी नव्हे इतका देखणा दिसत होता. ब्रीदला चाकाच्या खुर्चीतून आणलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, "सज्जन दिसतोय. कोण होता?"

नोरीन स्वयंपाकघरात जाऊन कप विसळायला लागली. मी मागोमाग गेले आणि खिडकीजवळचा तो रविवार तिला सांगितला. तो का बोलला नाही, तेही सांगितलं. नळ तसाच वाहत राहिला. ती रडेल असं वाटलं. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि बाहेर गेली.

भरल्या खोलीत ती आईच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. डोळे तिरळे केले, खालचा ओठ ओढला. तिचे दात शाबूत. ओठ नाकाच्या खालीच अडकला.

ब्रीद हसली. हात पुढे करून तिने नोरीनची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"टॉमची मुलगी ना गं तू?" ती म्हणाली. "ओठ अजून वर जायला हवा."

नोरीनचे डोळे वाहत होते. तिने ओठ अजून वर नेला.